मंडप भरण्याआधी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या रेवसच्या माणसाला कुठेही वेळेच्या आधी पोहोचण्याची खोड असते. ही खोड समुद्राने लावलेली आहे. रेवस धरमतरच्या खाडीच्या मुखाशी वसलेले. समोर पाण्यापलीकडे करंजा, आणि उत्तरेला लाँचने गाठायचा मुंबईचा भाऊचा धक्का. आमच्याकडे गाळ फार. सुकती लागली की धक्क्याजवळचे पाणी मागे सरते आणि लाँचला पाण्याची वाट पाहत थांबावे लागते. वेळापत्रक भिंतीवर लिहिलेले असते, पण हुकूम चालतो तो भरतीचा. म्हणून शहाणा माणूस तासभर आधी येऊन धक्क्यावर बसतो. बाजूला मासळीच्या टोपल्या, पायाशी पिशव्या आणि तोंडात गप्पा.

कॉलेजातही माझे तेच चालले आहे. आमच्या बाजूची एस.टी. मला पहिल्या तासाच्या पाऊण तास आधी अलिबागला आणून सोडते. पुढची गाडी धरली तर तास बुडतो. त्यामुळे वर्गाचे कुलूप उघडताना शिपाईकाकांना रोज पहिली दिसते ती मी. गेल्या वर्षी मराठीच्या सरांनी एकदा विचारले, "रोज एवढ्या लवकर येऊन करतेस तरी काय?" तेव्हा मला काही सांगता आले नाही. हा लेख म्हणजे लवकर येणाऱ्या मुलीने त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. मात्र ते द्यायला मला वर्गाबाहेर, गाण्याच्या मंडपात जावे लागले.

गाण्याच्या मोठ्या उत्सवाला आपण जातो ते कुणासाठी? पत्रिकेत ज्यांचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते त्यांच्यासाठी. त्यांची वेळ बहुधा शेवटची असते. मग त्यांच्या आधीच्या तासांना किंमत काय? पुष्कळांच्या मते काहीच नाही. ते तास म्हणजे गाडी लावण्याचे, चहा पिण्याचे आणि ओळखीचे चेहरे शोधण्याचे. माझा अनुभव मात्र निराळा आहे. उत्सव घडतो तो याच तासांत, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, ते क्रमाने सांगते.

आधी थोडे दूरचे पाहू. परदेशात माळावर तंबू ठोकून तीन-चार दिवस चालणारे संगीताचे मेळे भरतात. त्यांतला सर्वांत गाजलेला अमेरिकेतला वुडस्टॉक. न्यूयॉर्क राज्यातील बेथेल गावी, मॅक्स यास्गर नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणावर, १९६९ च्या ऑगस्टमध्ये तो भरला. १५ तारखेच्या शुक्रवारी सुरू झालेला हा मेळा १८ तारखेच्या सोमवारी सकाळी संपला. तिकिटे विकली गेली होती, पण कुंपण आणि तिकिटांच्या खिडक्या उभ्या राहण्याआधीच हजारो मुले-मुली पथाऱ्या घेऊन कुरणात येऊन बसली. आता त्यांना उठवणार कोण? शेवटी आयोजकांनी हात टेकले आणि मेळा सर्वांना मोफत झाला. पुढे तिथे चार लाखांवर माणसे जमली, असा अंदाज सांगितला जातो. लवकर येणाऱ्यांनी एका उत्सवाचे स्वरूपच बदलून टाकल्याचे याहून मोठे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

त्याच मेळ्यातील आणखी दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. शुक्रवारी पहिल्यांदा गायला बसायचे होते दुसऱ्याच मंडळींना, पण ती वाहनांच्या गर्दीत अडकली. रिची हेवन्स हा गायक तेवढा येऊन पोहोचला होता, म्हणून त्यालाच मंचावर पाठवले. पुढचे कलावंत काही येईनात, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा गायला लावले. जवळची गाणी संपली तेव्हा त्याने एका जुन्या धार्मिक गीताच्या आधाराने तिथल्या तिथे नवे गाणे रचून म्हटले, आणि तेच गाणे पुढे त्याची ओळख बनले. दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. मेळ्याचा सर्वांत मोठा कलावंत म्हणजे गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स. त्याची पाळी सगळ्यांत शेवटी होती. पावसाने आणि गोंधळाने कार्यक्रम लांबत लांबत त्याचे वादन सोमवारी सकाळी सुरू झाले, तेव्हा बहुतेक माणसे घरची वाट धरून गेलेली होती. म्हणजे ज्याच्यासाठी सारे जमले होते तो विरळ माळासमोर वाजवत होता, आणि ज्याची कुणी विशेष वाट पाहत नव्हते त्याने माळ भरून टाकला होता. आपले पंडित रविशंकरही त्या मेळ्यात पहिल्या रात्री पावसात सतार वाजवून गेले.

इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरीचा मेळा १९ सप्टेंबर १९७० रोजी मायकल ईव्हिस नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्याने आपल्या शेतावर सुरू केला. तिकीट एक पौंड आणि शेतावरचे दूध फुकट! या मेळ्याचे दरवाजे आता बुधवारी उघडतात आणि मुख्य मंचावरचे गाणे शुक्रवारी सुरू होते. मधले दिवस तंबू ठोकण्यात, शेजाऱ्याशी ओळख करून घेण्यात आणि लहानसहान मंचांवर अनोळखी कलावंत ऐकण्यात जातात. आपल्या देशातही अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्यात २०१२ पासून असा मेळा भरतो आणि ऐकणारे भातशेतीच्या कडेला तंबूत राहतात.

हे वाचून काही वाचक म्हणतील की ही सारी परक्यांची नवलाई. पण थोडा विचार केला तर तंबू आणि गाणे यांची गाठ आपल्याकडे कितीतरी आधी पडलेली आहे. आळंदीहून निघणारा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात आजच्या स्वरूपात बांधून दिला. दिंड्या, त्यांचे क्रम, अभंगांचे नेम, मुक्कामाचे तळ असे सगळे आखलेले. पालखी वाटेवर असते तेव्हा दिंडीतली काही माणसे सामानाचा ट्रक घेऊन पुढे गेलेली असतात. तळावर राहुट्या उभारायच्या, चुली मांडायच्या, पाणी भरायचे. दिवसभर टाळ-मृदंगात चाललेली माणसे संध्याकाळी येतात तेव्हा माळावर गाव वसलेले असते. हे गाव वसवणाऱ्यांना त्या दिवशीचे भजन अर्धेच मिळते. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही.

आपल्या कलांनी तर लवकर येणारा आणि उशिरा येणारा या दोघांचीही सोय रचनेतच करून ठेवली आहे. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, आणि मग वग. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग. दशावतारात मुख्य आख्यानाआधी आडदशावतार. माणसे शेतातून, होडीवरून, स्वयंपाकघरातून हळूहळू येतात. ती येईपर्यंत खेळाने थांबायचे नाही आणि कथाही पुढे न्यायची नाही, असा हा सुज्ञ तोडगा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील पाचवा अध्याय या पूर्वरंगालाच दिलेला आहे. त्यात नाटकाआधीच्या विधींची अंगे सांगितली आहेत. वाद्ये जागेवर मांडणे हे एक अंग, गाणाऱ्यांनी बसणे हे दुसरे, वाद्ये जुळवून पाहणे ही त्यापुढची. यांतली पहिली कितीतरी अंगे पडद्यामागेच उरकायची असतात. सरांनी हे वर्गात सांगितले तेव्हा मला आश्चर्य वाटले. तंबोरा मिळवणे ही गाण्याआधीची खटपट, असे मी समजत होते. भरताने तिला प्रयोगाचा भाग मानले आहे.

आता पुण्याकडे वळते. लवकर पोहोचण्याचा अर्थ मला जिथे कळला ते ठिकाण म्हणजे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. किराणा घराण्याचे थोर गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ रोजी वारले. त्यांच्या स्मरणार्थ शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्याच्या आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. हे भीमसेन म्हणजे अकरा वर्षांचे असताना गाण्यासाठी घर सोडून निघालेले आणि गुरूच्या शोधात भटकून अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहून शिकलेले. २४ जानेवारी २०११ रोजी त्यांचे निधन झाले. आज महोत्सवाच्या नावात गुरू आणि शिष्य असे दोघेही आहेत. पुष्कळ वर्षे तो शनिवार पेठेत रमणबागेच्या मैदानावर भरत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो. डिसेंबर महिना, पाच दिवस, आणि बसायला मुख्यतः जमिनीवरची भारतीय बैठक.

पूर्वी हा महोत्सव रात्ररात्र चालायचा. शाली, उशा, डबे आणि थर्मास घेऊन माणसे संध्याकाळी मंडपात शिरत आणि उजाडल्यावर बाहेर पडत. बाहेरगावच्या रसिकांचा तर तीन रात्री मंडप हाच मुक्काम. तंबू नव्हते एवढेच, बाकी हा तळच होता. पुढे केंद्र सरकारचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण रात्रभर नाही. नियम योग्यच आहे. रुग्ण, लहान मुले आणि परीक्षेचे विद्यार्थी यांची झोपही सांभाळली पाहिजे. पण रात्र गेली तसा कार्यक्रम दिवसाकडे सरकला. आता तो दुपारी तीन-चारच्या सुमारास सुरू होतो.

याचा परिणाम रागांवर झाला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. हिंदुस्थानी संगीतात रागांना वेळा नेमून दिलेल्या आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी त्यांची व्यवस्था लावून ती ग्रंथांतून मांडली. दुपारचे भीमपलास आणि पटदीप, दिवस कलताना मुलतानी, सूर्य मावळताना मारवा आणि पूरिया धनाश्री, दिवेलागणीनंतर यमन, रात्र चढली की बागेश्री, मालकंस, दरबारी, आणि पहाटे ललित, भटियार. कार्यक्रम रात्रभर चालत होता तेव्हा मालकंस आणि ललित त्यांच्या त्यांच्या वेळी भेटत, मात्र दुपारचे राग मंडपाबाहेर राहत. आता उलट झाले आहे. मध्यरात्रीचे आणि पहाटेचे राग दुर्मीळ झाले, आणि दुपारच्या रागांना मंडप मिळाला. पण तो मिळाला कसा, तर अर्धा रिकामा. कारण नोकरीवाला श्रोता सहा-सातशिवाय येत नाही. थोडक्यात, आज सवाईला लवकर न जाणाऱ्याने मुलतानी ऐकायचा तरी कधी?

मी गेल्या डिसेंबरात गेले ती मावशीच्या जिवावर. माझी मावशी बिबवेवाडीला राहते आणि शिवणकाम करते. अलिबागहून पुण्याला एस.टी.ने गेले. आम्हा मुलींना एस.टी.चे अर्धे तिकीट पडते, ही सोय नसती तर मी हा लेख लिहिला नसता. माझ्याकडे एकाच दिवसाच्या बैठकीच्या तिकिटापुरते पैसे होते. म्हणून त्या दिवसाचा एक मिनिटही वाया घालवायचा नाही असे ठरवले. महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात सकाळी 'षड्ज' आणि 'अंतरंग' असे दोन कार्यक्रम होतात. एकात संगीतावरचे माहितीपट दाखवतात, दुसऱ्यात कलावंतांच्या मुलाखती होतात. त्यांना तिकीट नसते. सकाळी तिथे जाऊन फुकट ऐकले, वडापाव खाल्ला आणि मुकुंदनगरला पोहोचले ती कार्यक्रमाच्या बरीच आधी.

मंडप जवळजवळ मोकळा होता. माणसे शेवटच्या सतरंज्या ओढून सरळ करीत होती. एक जण मंचावरच्या फुलांवर पाणी शिंपडत होता. ध्वनियंत्रणेचा माणूस कानाला यंत्र लावून "हॅलो, हॅलो" करीत होता आणि त्याचा आवाज कापडाला लागून परत येत होता. मग दोन तंबोरे आले. वाजवणाऱ्या मुली माझ्याच वयाच्या. तारेखाली सूत सरकवून जवारी काढणे म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचले होते. आता पाहिले. सूत केसभर सरकले की तार नुसती वाजायची थांबून गुंजू लागते. सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत नेले तरी तंबोरा उतरतो किंवा चढतो. दुपारी मिळवलेला तंबोरा डिसेंबरची संध्याकाळ पडली की पुन्हा मिळवावा लागतो.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ थर्मास घेऊन बसले होते. कितीतरी वर्षे न चुकता येतात म्हणाले. मी त्यांना विचारले, "आजोबा, आवाज असा घुमतोय का?"

"माणसं नाहीत ना अजून," ते म्हणाले. "रिकाम्या मंडपात आवाज भटकतो. माणसं बसली की त्यांच्या अंगाखांद्यावर जिरतो. पहिल्या गाणाऱ्याच्या वेळी हे सगळं बसवायचं असतं. त्याच्या वाट्याला म्हणूनच थोडं कमी येतं."

ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. रिकाम्या मंडपात जुळवलेला ध्वनी भरत्या मंडपात पुन्हा जुळवावा लागतो, आणि ती जुळवाजुळव होते पहिल्या कलावंतावर. तबल्याचा एक बोल जास्त, एक कमी, आलाप मध्येच दबलेला, असे सगळे सोसून तो गातो. त्याचे गाणे संपेपर्यंत यंत्रणा बसते, मंडप अर्धा भरतो, तंबोरे स्थिर होतात, श्रोत्यांचे कान जागे होतात. मग पुढचा येतो आणि तयार झालेल्या मंडपात गातो. नंतरच्याला टाळ्या अधिक पडतात. त्यांतल्या काही पहिल्याच्या असतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या दिवशीचे पहिले गायक वयाने तरुण होते. मंडपाच्या कडेने तिरपे ऊन आत आले होते. त्यांनी जे आळवायला घेतले ते मला ओळखता आले नाही, पण ऐकताना उगीचच घरी जावेसे वाटू लागले. सुकतीच्या वेळी धक्क्यावर बसल्यावर वाटते तसे. आजोबांनी हळूच सांगितले, "मुलतानी." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "सातला येणाऱ्यांना हा कधीच भेटत नाही."

गाणे झाल्यावर ते गायक मागच्या बाजूने येऊन आम्हा श्रोत्यांतच खाली बसले. मोठ्या कलावंतांचे गाणे त्यांनी मांडी न मोडता ऐकले. त्यांच्या गाण्याच्या वेळी नसलेली पुष्कळ माणसे आता त्यांच्या आजूबाजूला बसली होती आणि हे कोण, हे त्यांना ठाऊकही नव्हते.

आता थोडे अप्रिय लिहिते. सहाच्या पुढे मंडप भरू लागला. एक मोठा घोळका आला आणि त्यांतल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा मागे सरकता का? इथं आमची माणसं बसतात." मी दुपारपासून तिथे होते. तसे सांगायला हवे होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही. मी सरकले. थोड्या वेळाने आणखी एकदा सरकले. आजोबा काही बोलणार होते, मीच त्यांना खुणेने नको म्हटले. मागे जाऊन बसले तेव्हा गाणे तेच होते, पण माझे लक्ष लागेना. आपल्याला इथले रीतिरिवाज ठाऊक नाहीत, म्हणून आपले काहीतरी चुकले, असेच वाटत राहिले.

परतीच्या एस.टी.त मात्र विचार केला. जागा धरून ठेवणे म्हणजे काय? आपल्या आधी आपले कुणीतरी तिथे पोहोचलेले असणे. कुणाचे आजोबा रमणबागेत बसत, कुणाच्या आईला गाणे शिकवायला घरी मास्तर येत. त्यांच्यासाठी रुमाल टाकलेला असतो, मैदानात आणि इतरत्रही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मला अर्ज कसा भरायचा, ग्रंथालयातून पुस्तक कसे मागायचे, सरांच्या खोलीत जाताना विचारायचे की नाही, हे सांगणारे आधी कुणी गेलेले नव्हते. ज्याच्यासाठी कुणी जागा धरून ठेवत नाही त्याला लवकर यावे लागते, आणि आल्यावर कधीकधी उठावेही लागते. सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे.

पण याची दुसरीही बाजू मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. उशिरा येणारा प्रत्येक माणूस बेपर्वा नसतो. माझी मावशी माझ्यासोबत आली नाही, कारण तिला दोन ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. घरचे सगळे आवरून सातला धापा टाकत येणाऱ्या बायका मी त्या मंडपात पाहिल्या. त्या दुपारी आल्या असत्या तर घरी कुणाचे तरी जेवण राहिले असते. लवकर येता येणे हीसुद्धा एक चैन आहे. मला ती त्या दिवशी परवडली, कारण सुट्टी होती आणि कुणी माझी वाट पाहत नव्हते. म्हणून उशिरा येणाऱ्यांवर रागवावे असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की ज्यांना येता येते त्यांनी तरी पहिल्या गाणाऱ्याला रिकाम्या सतरंज्या पाहायला लावू नयेत.

आता उत्तराचे उरलेले अर्धे. ते माझ्या वडिलांकडे आहे.

बाबा मच्छीमार बोटीवर खलाशी आहेत. आमच्या गावच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवतात. माघात आमच्याकडे हरिनाम सप्ताह असतो, तेव्हा सात दिवस ते बोटीवर जात नाहीत. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनकार बुवा बाहेरगावचे असतात आणि त्यांचा मृदंग वाजवणाराही त्यांच्याबरोबर येतो. त्यामुळे बाबांचे वाजवणे संध्याकाळच्या हरिपाठाचे. त्या वेळी मांडवात असतात चार म्हाताऱ्या, पाच-सहा पोरे आणि एखादा कुत्रा. बुवा आले की बाबा पखवाज उचलतात आणि मागे जाऊन लोकांना चहा देतात. मी अकरा-बारा वर्षांची असताना एका मैत्रिणीने विचारले होते, "तुझे बाबा कीर्तनाला का नाही वाजवत? त्यांना येत नाही का?" मला फार लाज वाटली. रात्री मी तेच बाबांना विचारले. ते जाळ्याची दोरी वळत होते.

"मांडव आधी तापवायला लागतो गो," ते म्हणाले. "थंड मांडवात कुणाचाच आवाज लागत नाय."

हरलेल्या माणसाने स्वतःची काढलेली समजूत, असे मला तेव्हा वाटले. त्यानंतर सहा-सात वर्षे मी हरिपाठाला गेले नाही. अभ्यासाचे निमित्त होते. कीर्तनाला मात्र जायची, गर्दीत, मैत्रिणींबरोबर. मुकुंदनगरच्या मंडपात थर्मासवाल्या आजोबांनी जे सांगितले ते बाबांनी मला घरबसल्या आधीच सांगितलेले होते. फरक एवढाच की आजोबांचे मी लगेच मानले.

या माघात सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मी कॉलेजातून आले ती सरळ मांडवात. पाचही वाजले नव्हते. सतरंज्या टाकून झाल्या होत्या. विणेकरी तेवढे उभे होते. बाबा एकटेच पखवाज मांडीवर घेऊन बसले होते. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. त्याशिवाय तिचा आवाज खोल निघत नाही. कणीक फार सैल झाली तर गळते आणि फार घट्ट झाली तर धरत नाही. हे काम इतकी वर्षे आई घरून करून द्यायची किंवा बाबा स्वतःच करायचे.

मी वाटी घेतली आणि कणीक मळायला बसले.

बाबांनी वर पाहिले. "एवढ्या लवकर कशाला आलीस?"

मी सरांना दिले नव्हते तसे याही वेळी उत्तर दिले नाही. कणकेचा गोळा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने दाबून पाहिला, म्हणाले, "थोडं पाणी अजून," आणि मी वाटीत बोटे बुडवली.